नोमिकीचं नको

त्या वर्षी ईस्टर आणि विद्यापीठ निवडायची मुदत एकाच दिवशी येऊन ठेपली. मे महिन्याची पहिली तारीख. रात्री बारापर्यंत नोमिकीनं फोनवरच्या एका चौकोनात बोट टेकवायचं होतं, एवढंच काम. पण ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरून आलेल्या माणसांच्या घरात 'एवढंच' असं काही नसतं.

फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जच्या त्या गल्लीत सकाळपासून फटाके वाजत होते. अंगणात संत्र्याच्या झाडाखाली तीन टेबलं जोडलेली. मधोमध मातीचा हंडा, त्याचं तोंड कणकेनं लिंपलेलं, आत भात भरलेलं कोकरू आदल्या रात्रीपासून मऊ होत पडलेलं. पन्नास दिवसांच्या उपासानं सगळ्यांच्या नाकपुड्या त्या हंड्याकडे वळलेल्या. पापूनं, नोमिकीच्या आजोबांनी, सुरीच्या मुठीनं कणीक फोडली, वाफेचा लोट उठला, आणि जन्मभर समुद्रातून स्पंज काढलेला चौऱ्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा पाणबुड्या त्या वाफेत तोंड घालून लहान पोरासारखा हसला.

"बाबा, भाजेल!" नोमिकीची आई सेवास्ती ओरडली.

"भाजू दे. जीव तर गार पडलाय उपासानं."

नोमिकी हसली, पण तिचं लक्ष हंड्यात नव्हतं. उद्या सोमवारी दहा वाजता तिची आई बँकेत जाऊन हे घर गहाण टाकण्याच्या कागदावर सही करणार होती, आणि ती बॉस्टनच्या त्या खासगी विद्यापीठासाठी, जिथे एका वर्षाला सत्तर हजार डॉलर लागणार होते. आणि नोमिकीला बॉस्टन नको होतं. मनापासून नको होतं. तिला हवं होतं गेन्सव्हिलचं सरकारी विद्यापीठ, अडीच तासांवरचं, जिथली फी जवळजवळ सगळी राज्याच्या शिष्यवृत्तीतच भागणार होती. बॉस्टन नको हे तिनं फेब्रुवारीत सांगितलं, मार्चमध्ये सांगितलं, गुड फ्रायडेला चर्चच्या पायरीवरसुद्धा सांगितलं. ऐकलं सगळ्यांनी. खरं कुणालाच वाटलं नाही.

कारण या घरात नको म्हणणं ही रीत होती. पहिल्या वाढीला मान हलवून नको म्हणायचं. दुसऱ्या वाढीला छातीवर हात ठेवून. तिसऱ्या वाढीला ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटांत फट ठेवायची, म्हणजे वाढणारीला वाढता येतं. पहिल्याच झटक्यात हो म्हणणारा माणूस म्हणजे आईबापांनी वाऱ्यावर सोडलेला. नोमिकीनं बॉस्टनला जितक्यांदा नको म्हटलं, तितकी सेवास्तीच्या डोळ्यांत माया दाटत गेली. पोर किती समजूतदार! घरासाठी मन मारते बिचारी!

"अजून थोडा भात घे," सेवास्ती आत्ताही म्हणत होती.

"नको आई."

डाव भरून भात ताटात पडला.

"आई, मी नको म्हटलं."

"ऐकलं गं मी."

समोर आंथूला मावशी खदखदली. सेवास्तीची धाकटी बहीण, शाळेत गणित शिकवणारी, जिभेला लिंबू चोळल्यासारखी. "ताई, पोरीचं पोट म्हणजे तुझी बँक नाही. तिला गेन्सव्हिल हवंय, तर जाऊ दे की."

"हवंय कुठे म्हणाली? तूच तिच्या डोक्यात भरवलंस."

"मी?"

"तूच फेब्रुवारीत घेऊन गेलीस तिला तिकडे. घर हातचं जाईल म्हणून पोटात दुखतंय तुझ्या."

बेटाची रीतच तशी होती. घर आईकडून थोरल्या मुलीला. आजी नोमिकीनं ते थोरल्या सेवास्तीला दिलं, आता सेवास्तीकडून आजीचं नाव लावणाऱ्या या नोमिकीला जायचं. धाकटी आंथूला जन्मली तेव्हाच तिचा वाटा संपलेला. तिनं त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणून तर ते सगळ्यांना कायम ऐकू यायचं.

"दुखतंय," आंथूला शांतपणे म्हणाली. "ज्या खोलीत आई गेली, ती खोली बँकेच्या माणसानं मोजावी, याचं दुखतंय. दुसरं काही नाही."

पांटेली मामानं ताबडतोब पेला आपटला. धक्क्यावर त्याचं स्पंजाचं दुकान होतं, पर्यटकांना हसवून त्यांच्या खिशात हात घालायची कला अंगात मुरलेली. "आज ईस्टर आहे गं बायांनो! भांडायचं तर यमकात भांडा!"

ही बेटावरची जुनी खोड. भांडण हातघाईवर आलं की दोन ओळी जुळवायच्या आणि चालीवर म्हणायच्या. जुळलेल्या ओळींवर कुणी रागवायचं नाही, हा कायदा. मामानं खुर्ची मागे सारली, हात पसरले आणि सूर लावला:

"बॉस्टनच्या शाळेला गं दगडाची कमान,
भाची माझी जाईल आत, ताठ करून मान!"

"वाऽऽ!" पापूनं टेबलावर थाप मारली.

आंथूला बसल्या जागेवरूनच उत्तरली, ताटातलं हाड मामाकडे रोखून:

"दगडाच्या कमानीला ताई देते घर,
पाऊस आला दारी तर कमान डोक्यावर धर!"

सेवास्तीलासुद्धा हसू फुटलं. तिनं पदराच्या ठिकाणी असलेल्या एप्रनात तोंड लपवलं. मग पापू उठला. त्याचा एक कान समुद्रानं बहिरा केलेला, पण गळा मात्र तसाच:

"वीस वाव खाली गेलो श्वास रोखून राव,
वर येऊन बघतो तर पोरींचंच गाव!"

"पापू, ही कुणाच्या बाजूची?" नोमिकीनं विचारलं.

"कुणाच्या नाही. मी आपलं दुःख सांगितलं."

"आता थ्रासो! थ्रासोचं होऊ दे!"

नोमिकीचा बाप थ्रासो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बोलणं म्हणजे त्याला दात काढून घेतल्यासारखं. पण वाईन दोन पेले आत गेली होती. तो उभा राहिला, घसा खाकरला, चाल धरली:

"गेन्सव्हिलला जायाला अडीच तास रस्ता,
आणि... आणि... पेट्रोलसुद्धा कमी लागतं."

हास्याचा असा स्फोट झाला की शेजारच्या कुंपणावरून दोन डोकी वर आली. फक्त सेवास्ती हसली नाही.

"काय म्हणालास?"

"कुठे काय?"

"तू बॉस्टनवाला होतास! तीन महिने मी रात्री तळमळते, तर तू म्हणायचास, होऊ दे, पोरीला पाठवू, घराचं काय घेऊन बसलीस."

"आहेच मी बॉस्टनवाला," थ्रासो गडबडला. "मी फक्त पेट्रोलचं बोललो."

"थ्रासो!"

"अगं, मला वाटलं तुला पाठवायचंय!"

"मला वाटलं तुला!"

"आणि मला," नोमिकी उठून म्हणाली, "मला बॉस्टन नकोच आहे!"

आईबाप दोघंही एकदम तिच्याकडे वळले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर तीच ती ओलसर माया पसरली. "बघ," सेवास्ती हुंदका आवरत म्हणाली, "आमच्यासाठी अजूनही नकोच म्हणते."

नोमिकीनं कपाळ टेबलावर टेकवलं. कपाळाला भाताची दोन शितं चिकटली. आपण रडावं की हसावं हे तिला कळेना, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला उचकी लागली.

"पुरे!" पापू म्हणाला. "अंडी आणा."

लाल अंडी. गुरुवारी सेवास्तीनं उकडून रंगवलेली, तेलाचं बोट फिरवून चमकवलेली. दोघांनी दोन अंडी घ्यायची, एकानं 'ख्रिस्त उठला' म्हणायचं, दुसऱ्यानं 'खरंच उठला' म्हणायचं, आणि टोकावर टोक आपटायचं. ज्याचं फुटलं तो बाद. शेवटी ज्याचं अंडं अखंड राहील त्यानं एक मागणं मागायचं, आणि या घरात त्या मागण्याला कुणी मोडता घालायचा नाही. एरवी जिंकणारा सगळ्यांना आरोग्य मागायचा आणि विषय मिटायचा. आज मात्र टोपली फिरली तेव्हा कुणी टोपलीत नीट पाहिलंच नाही. मामाचा हात खिशातून आला. आंथूलाचा पर्समधून. पापूनं टोपीत काहीतरी शोधल्यासारखं केलं. नोमिकीच्या ते लक्षात आलं नाही, कारण ती उचकी थांबवायला पाणी पीत होती.

"चल भाचे, आपल्यापासून!" मामानं मूठ पुढे केली. "ख्रिस्त उठला!"

"खरंच उठला!"

टक्. नोमिकीचं अंडं पार कमरेपर्यंत फुटलं. इतकं सपशेल की पिवळा बलक दिसायला लागला. तिचा धीरच खचला. म्हणजे आता मागणंही गेलं. ती बाकावर बसली आणि अंड्याचा तुकडा मिठात बुडवून खायला लागली.

मामा आंथूलाकडे वळला. टक्. काही नाही. पुन्हा, जोरात. टक्. दोन्ही अखंड.

"कडक आहे गं तुझं."

"तुझंही."

तिकडे सेवास्ती आणि थ्रासो. ठण्!

"ठण्?" पापूनं चांगला कान पुढे केला. "थ्रासो, तुझी कोंबडी काय लोखंड खाते?"

"तुम्ही माझ्याशी लढा बाबा," सेवास्ती घाईनं म्हणाली. टक्. टक्. टक्. सहा वेळा, सात वेळा. मग सगळे सगळ्यांशी भिडले. अंगण सुताराच्या दुकानासारखं वाजायला लागलं. एकाही अंड्याला चीर नाही. हळूहळू आवाज थांबले. पाच माणसं पाच लाल अंडी मुठीत घेऊन एकमेकांकडे बघू लागली, आणि पाचांचेही कान अंड्यांच्या रंगाचे झाले.

"टाका टेबलावर," नोमिकी तोंडातला घास गिळून म्हणाली.

आधी मामानं टाकलं. संगमरवराचं, दुकानातलं, खाली किमतीची चिठ्ठी तशीच. आंथूलाचं लाकडी, नखांच्या रंगानं रंगवलेलं. पापूचा समुद्रातला गोटा. थ्रासोनं तर लेथवर ॲल्युमिनियमचं तासून आणलेलं. ते गडगडत जाऊन हंड्याला आपटलं आणि घंटेसारखं वाजलं. शेवटी सेवास्तीची मूठ उघडेना. आंथूलानं एकेक बोट सोडवलं. आत आजी नोमिकीचं मोजे रफू करायचं लाकडी अंडं.

"ताई! आईचं?"

"मग काय करू? मला जिंकायचंच होतं!"

"जिंकून काय मागणार होतीस?"

"बॉस्टन. म्हणजे पोरीला नको म्हणता आलं नसतं."

"मी मागणार होते, घर गहाण पडू नये."

"मी तर," मामा छातीवर हात ठेवून म्हणाला, "बॉस्टनच मागणार होतो, आणि विमानाचं भाडं माझं!"

"पोरीनं दर रविवारी घरी यावं असं मी मागणार होतो," थ्रासो खाली बघत म्हणाला. "बॉस्टनहूनसुद्धा."

"बॉस्टनहून दर रविवारी!" आंथूला किंचाळली आणि हसता हसता बाकावरून घसरली. तिला धरायला गेलेला मामाही खाली. सेवास्तीनं आजीचं अंडं छातीशी धरलं होतं आणि ती इतकी हसत होती की आवाजच फुटत नव्हता, नुसते खांदे उडत होते. थ्रासोच्या डोळ्यांतून पाणी. गल्लीच्या टोकाला फटाक्यांची आणखी एक माळ पेटली.

"आणि पापू, तुम्ही?"

"मी?" पापू म्हणाला. "कोकराच्या मानेचा तुकडा. कुणी देतच नाही." मग त्यानं हात वर केला. घरातला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणून खेळाचा निवाडा त्याचा. "खेळ अंड्यांचा आहे. तुम्ही आणलेत दगड आणि लाकडं, आणि मीही त्यातलाच. अंडं आणलं एकीनंच."

"पण तिचं फुटलं!" मामा खालूनच म्हणाला.

"जे फुटतं तेच अंडं. नोमिकी जिंकली. माग."

नोमिकी उठली. "मला," ती म्हणाली, "मला बॉस्टन नको..."

"पुन्हा तेच!" सेवास्ती रडवेली झाली.

"थांब पोरी," पापू म्हणाला. "नको मागता येत नाही. मागणं म्हणजे काय हवं ते. काय हवंय?"

अठरा वर्षांत तिनं या टेबलावर 'मला हवंय' असं कधी म्हटलं नव्हतं. कुणीच नव्हतं म्हटलं. सगळ्यांसमोर हवंय म्हणणं म्हणजे भर बाजारात ओरपून खाणं. ती बाकावर चढली, का ते तिलाही कळलं नाही. डोक्याला संत्र्याची फांदी लागली.

"मला गेन्सव्हिल हवंय," ती म्हणाली. "हवंय. मला तेच हवंय. दुसरं कुणी दिलं तरी हिसकावून घेईन इतकं हवंय!"

सेवास्तीनं तोंडावर हात ठेवला, पोरीनं भर अंगणात शिवी हासडल्यासारखा.

"तिथे एक बाई आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत मोठ्या काचेच्या टाक्या आहेत. त्यात स्पंज आहेत. जिवंत. मी जन्मभर मेलेले पाहिले, मामाच्या दुकानात दोरीला टांगलेले, आपल्या मोरीतले. त्या बाईंनी एका स्पंजाच्या पायाशी पिचकारीनं हिरवा रंग सोडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या माथ्यातून, इथून, तो रंग वर आला. चुलीच्या धुरासारखा. तो श्वास घेत होता, पापू! दगडासारखा बसलेला, डोळे नाहीत, तोंड नाही, आणि सगळं पाणी आत घेऊन बाहेर सोडत होता. मी त्या टाकीपाशी दोन तास उभी होते. मावशीला विचारा, आमची परतीची बस चुकली."

"चुकली," आंथूला जमिनीवरून म्हणाली. "मी शिव्या घातल्या."

"मला ते शिकायचंय. तिथेच. आणि तिथे जवळ निळ्या पाण्याचे झरे आहेत, मुलं वर्गातून उठून पोहायला जातात, मला तेही हवंय. सगळं हवंय!"

"मी हजारोंनी काढले," पापू हळूच म्हणाला. "पायाखाली तुडवले, दांड्यानं बडवले. तो श्वास घेतो हे मला ठाऊक नव्हतं. खाली माझाच श्वास पुरत नव्हता, त्याचा कुठे बघू?"

सेवास्ती बाकाजवळ आली. लेकीकडे वर बघत उभी राहिली. "घरासाठी नाही म्हणत ना?"

"नाही आई. घर उद्या समुद्रात वाहून गेलं तरी मी गेन्सव्हिललाच जाणार."

"मावशीसाठी?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

सेवास्तीनं ओठ चावला. मग अगदी हळू, ताटावर डाव धरावा तशा आवाजात: "थोडंसं बॉस्टन? एकच वर्ष?"

"आई!"

"अर्धं?"

आता मात्र कुणालाच आवरेना. पापू टेबलावर डोकं ठेवून हसला. नोमिकी बाकावरून आईच्या अंगावरच कोसळली, आणि सेवास्तीनं तिला कवळून घेतलं. "बरं, बरं," ती लेकीच्या केसांत पुटपुटली, "हवं तर हवं. केवढ्यानं ओरडलीस गं, अख्ख्या गल्लीला कळलं!"

फोन आणला. नोमिकीच्या बोटांना अंड्याचा लाल रंग आणि कोकराची चरबी, काच बोट ओळखेना. थ्रासोनं इंजिन पुसायचं फडकं काढलं. आंथूलानं ते हिसकावून फेकलं आणि लिंबू पिळून भाचीचं बोट आपल्या बाहीला पुसलं. सगळ्यांची डोकी एकावर एक वाकली. नोमिकीनं बोट टेकवलं. काचेवर रंगीत कागदांचे तुकडे उडाले, आणि मामानं आपलं संगमरवरी अंडं आकाशात फेकलं. ते शेजारच्या टोमॅटोंत पडलं.

मिठ्या, मुके, शेजाऱ्यांची माफी, पापूच्या ताटात मानेचा तुकडा, हे सगळं होईपर्यंत सेवास्ती अंगणात नव्हती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती घरातून बाहेर आली तेव्हा सगळ्यांत आधी आंथूलाला दिसली, आणि आंथूलाच्या हातातला पेला तसाच राहिला.

सेवास्तीनं कोट घातला होता. गुडघ्यापर्यंतचा, जाड निळ्या लोकरीचा, आतून केसाळ. फ्लोरिडाच्या त्या कडक उन्हात तिच्या गालांवरून घामाचे ओघळ येत होते.

"हा नाताळच्या सेलमध्ये घेतलेला," ती म्हणाली. "बॉस्टनसाठी. आता परत घेणार नाहीत."

नोमिकी जवळ गेली. तिनं बाहीला हात लावला, खांद्याची शिवण चाचपली. ती स्वतः काडीसारखी, आई चांगली भरदार. कोट आईच्या खांद्यांवर हातमोज्यासारखा बसला होता.

"आई, माझ्यासाठी घेतला होतास ना?"

"हो."

"मग तुला इतका बरोबर कसा बसतो?"

सेवास्तीनं वर पाहिलं, खाली पाहिलं, मग एका एका माणसाकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. सेहेचाळीस वर्षांची ती बाई अशी दिसत होती, जणू कुणी तिला चोरून लोणचं खाताना पकडलं होतं.

"मला बर्फ बघायचंय," ती म्हणाली. आवाज आधी बारीक होता, मग मोठा झाला. "पडताना. मी कधी पाहिलं नाही. वाटलं, पोर तिकडे असली की मला जावंच लागेल. हिवाळ्यात जाईन, चार दिवस राहीन. मला... मला हवंय. बस."

थ्रासोनं तोंड उघडलं. आंथूलानं त्याच्या पायावर पाय दिला. मग ती बहिणीसमोर जाऊन उभी राहिली, कोटाची सगळ्यात वरची गुंडी काजात घातली, आणि कॉलर नीट बसवत म्हणाली, "जानेवारीत मला शाळेला सुट्टी असते. मला कोट कुठून घेऊन देतेस, बोल."